नळीत फुंकल्यानंतर

(बी. कॉम. द्वितीय वर्ष)

आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना कायदा हा विषय तसा परका नाही. करार कशाने होतो, कशाने मोडतो, चेक न वटल्यास काय होते, हे परीक्षेपुरते तरी आम्हाला पाठ असते. परंतु रात्री चौकात पोलिसाने गाडी बाजूला घ्यायला सांगून तोंडासमोर नळी धरली, तर तेथून पुढे काय घडते, असा प्रश्न वर्गात विचारला तर फारच थोडे हात वर होतील. आणि जे होतील त्यांचे उत्तर एकच असेल : "दहा हजार भरायचे आणि सुटायचे."

हे उत्तर अपुरे आहे, आणि अपुरे असल्यामुळेच धोक्याचे आहे. आपल्या बेळगावकडे हा प्रश्न नुसता पुस्तकी राहिलेला नाही. हळदीचा कार्यक्रम, मित्राचा वाढदिवस, विसर्जनाची रात्र, नाहीतर चोर्ला घाटाने गोव्याला मारलेली एक दिवसाची फेरी, यांतून परतताना "मी ठीक आहे, चल बस" हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेले आहे. हा लेख कुणाला सुटण्याची युक्ती शिकवण्यासाठी लिहिलेला नाही, तसा तो उपदेशासाठीही नाही. नळीत फुंकल्यापासून निकाल लागेपर्यंतचा रस्ता कसा जातो, एवढेच येथे क्रमाने सांगायचे आहे.

गुन्हा नेमका कशाचा?

मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या १८५ व्या कलमाखाली हा गुन्हा येतो. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क आढळला आणि माणूस वाहन चालवत असला, किंवा चालवण्याचा प्रयत्न करत असला, की गुन्हा पूर्ण झाला. त्यासाठी अपघात व्हावा लागत नाही, गाडी वेडीवाकडी जावी लागत नाही, कुणी तक्रारही करावी लागत नाही. "मी तर अगदी सरळ चालवत होतो" हे म्हणणे खरे असले तरी आकड्यापुढे ते टिकत नाही. अमली पदार्थाच्या बाबतीत कायद्याने आकडा दिलेला नाही. त्याच्या अमलाखाली वाहनावर ताबा ठेवता येऊ नये अशी स्थिती असली, तर तोच गुन्हा होतो.

शिक्षा अशी : पहिल्या खेपेस सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा १५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. १ सप्टेंबर २०१९ पूर्वी पहिल्या गुन्ह्याचा दंड २,००० रुपयांपर्यंतच होता. घरातील वडील मंडळी अजूनही तोच जुना आकडा सांगतात, म्हणून हा उल्लेख केला.

आणखी एक गोष्ट मागे बसणाऱ्याने ध्यानात ठेवावी. याच कायद्याच्या १८८ व्या कलमाप्रमाणे या गुन्ह्याला चिथावणी किंवा मदत करणाराही त्याच शिक्षेला पात्र ठरतो. मित्र प्यालेला आहे हे माहीत असून आपल्या गाडीची किल्ली त्याच्या हातात देणे ही दोस्ती नव्हे.

तीस मिलिग्रॅम म्हणजे किती?

येथे थोडा हिशेब करू. आपल्याकडच्या व्हिस्कीत साधारणपणे ४२.८ टक्के मद्यार्क असतो. ६० मिलिलिटरच्या एका पेगात म्हणजे सुमारे २० ग्रॅम शुद्ध मद्यार्क झाला. साठ किलो वजनाच्या पुरुषाच्या शरीरात तो पसरला, की रक्तातील प्रमाण १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅमच्या आसपास जाते. म्हणजे एका पेगातच मर्यादा ओलांडली. स्त्रीच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असल्यामुळे तेवढ्याच वजनाला व तेवढ्याच मद्याला आकडा आणखी वर जातो. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलिलिटरची बाटली घेतली तर तीत सुमारे ४१ ग्रॅम मद्यार्क भरतो. त्याच माणसाचा आकडा १०० च्या घरात जातो. "बिअरच तर आहे" असे म्हणणाऱ्याने हा गुणाकार स्वतः करून पाहावा.

आता वजाबाकी. यकृत हा मद्यार्क तासाला साधारण १५ मिलिग्रॅम या गतीने उतरवते, आणि ही गती वाढवणारा उपाय नाही. काळा चहा, लिंबू, थंड पाण्याची आंघोळ यांनी झोप उडेल, आकडा उतरणार नाही. वरील हिशेबाने १०० वरून ३० वर यायला साडेचार ते पाच तास हवेत. रात्री बारापर्यंत तशा दोन बाटल्या झाल्या असतील, तर सकाळी आठ वाजता कॉलेजला निघालेल्या, झोप झालेल्या, दात घासलेल्या माणसाच्या रक्तातही ८० मिलिग्रॅम शिल्लक असू शकतात. हे सर्व आकडे अंदाजाचे आहेत. पोटात अन्न किती, वजन किती, यावर ते खालीवर होतात. पण मर्यादा किती जवळ आहे हे समजायला ते पुरेसे आहेत.

चौकातील पहिले दोन तास

गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याला, किंवा अधिकार दिलेल्या मोटार वाहन खात्याच्या अधिकाऱ्याला, वाजवी संशय आल्यास सार्वजनिक जागी श्वासाची चाचणी मागता येते (कलम २०३). नळीचे तोंड नवे, पाकीटबंद असावे, हे मागण्यात गैर काही नाही. नुकतेच मद्य घेतले असेल, किंवा मद्यार्क असलेल्या औषधाने चूळ भरली असेल, तर तोंडात उरलेल्या अंशाने आकडा फुगतो. तो अंश पंधरा-वीस मिनिटांत जातो. अशा वेळी तसे शांतपणे सांगून थोड्या वेळाने पुन्हा चाचणी मागावी. यंत्रातून निघणाऱ्या चिठ्ठीवर तारीख, वेळ व आकडा असतो. ती चिठ्ठी नीट पाहावी, आणि तिची प्रत मागावी.

"मी फुंकणारच नाही" असे म्हटले तर? बरेच जण हा हुकमाचा एक्का समजतात. प्रत्यक्षात नकार दिला आणि अधिकाऱ्याला मद्याचा संशय असला, तर त्याच कारणावरून वॉरंटशिवाय अटक होऊ शकते. पुढे ठाण्यात डॉक्टरकडून रक्ताचा नमुना मागता येतो (कलम २०४). आणि सबळ कारण नसताना दिलेला नकार खटल्यात आपल्याविरुद्धच्या पुराव्याला बळ देणारा धरला जाऊ शकतो (कलम २०५). विद्यार्थिनींनी लक्षात ठेवावे की, नमुना घेणारा डॉक्टर पुरुष असल्यास दुसरी स्त्री हजर असल्याशिवाय नमुना घेता येत नाही.

अटक करण्याचा अधिकार असला तरी दर वेळी अटक होतेच असे नाही. पुष्कळदा गाडी व लायसन्स ताब्यात घेऊन, कोर्टाचा कागद हाती देऊन माणसाला सोडतात. मात्र अटक झालीच तर घड्याळ पाहावे. कलम २०२ असे सांगते की, या गुन्ह्यासाठी अटक केलेल्याची वैद्यकीय तपासणी दोन तासांच्या आत व्हायलाच हवी. न झाल्यास त्याला सोडावे लागते. हा नियम आरोपीची मेहेरबानी म्हणून केलेला नाही. रक्तातील आकडा तासातासाला उतरत असतो. उशिरा घेतलेला नमुना कुणालाच खरे सांगत नाही, आरोपीला नाही आणि कोर्टालाही नाही.

या गुन्ह्यात जामीन हा हक्क आहे. घरी किंवा मित्राला कळवण्याची व्यवस्था करणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे, वकिलाला भेटता येते, आणि चोवीस तासांपेक्षा जास्त काळ मॅजिस्ट्रेटपुढे उभे केल्याशिवाय ठेवता येत नाही. वकील परवडत नसेल तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोठडीतील माणसाला मोफत वकील मिळतो; त्यासाठी १५१०० हा दूरध्वनी क्रमांक आहे.

वाद घालणे, चित्रफीत काढत आरडाओरडा करणे, "माझे मामा कोण आहेत माहीत आहे का" असे विचारणे, यांनी आकडा एका मिलिग्रॅमनेही कमी होत नाही. आणि खिशातून नोट काढणे हा तर आणखी एक, निराळा गुन्हा होय.

सही करण्यापूर्वी

आपल्या भागातील मराठी शाळेत शिकलेल्या मुलाची खरी अडचण येथे असते. ठाण्यातील कागद कन्नडमध्ये असतात. बोलता सर्वांना येते. बाजारात, बसमध्ये, वर्गात आपण कन्नड बोलतोच. पण हाताने भरभर लिहिलेला कायद्याचा मजकूर वाचणे वेगळे. मग लाजेने म्हणा, घाईने म्हणा, न वाचता सही केली जाते.

थोडे धीराने पाहिले तर हा कागद वाटतो तितका अनोळखी नाही. जामीन, जप्ती, दंड, आरोपी, वकील, ठाणे आणि खुद्द सही, हे शब्द थोड्याफार फरकाने दोन्ही भाषांत एकच आहेत. आपला पंचनामा तिकडे 'महजर' होतो, अटकेला 'बंधन' म्हणतात, साक्षीदार हा 'साक्षी' होतो, आणि आरोपपत्राला 'दोषारोप पट्टी'. एक शब्द मात्र पाठ करून ठेवावा : 'तप्पोप्पिगे', म्हणजे गुन्ह्याची कबुली. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही हे खरे. तरी आपण कशावर सही करतो हे ठाऊक असलेच पाहिजे. मजकूर वाचून व समजावून दाखवा, असे नम्रपणे म्हणावे. आपल्या कन्नड विभागातील मित्राला फोनवर घेतले तरी चालेल. अशा वेळी आपल्या अंकाचे हे दोन विभाग एकमेकांच्या फार कामाचे आहेत.

हे मागणे म्हणजे भाषेचे राजकारण नव्हे. मुंबईतील २०२४ च्या एका वाहन अपघाताच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये असा निर्णय दिला की, अटकेची कारणे त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत लेखी दिली पाहिजेत, मग गुन्हा कोणताही असो. बेळगावातील मराठी मुलाला हे जितके लागू, तितकेच सोलापुरात सापडलेल्या कन्नड मुलालाही.

कोर्टात

"जागेवर दंड भरून मोकळे" ही समजूत हेल्मेटच्या गुन्ह्यावरून आलेली आहे. कायद्याने जागच्या जागी मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत कलम १८५ नाही. त्यासाठी मॅजिस्ट्रेटपुढेच जावे लागते, आणि तेही गुन्हा जेथे घडला तेथील. गोव्यात सापडलेल्याला तारखेसाठी पुन्हा घाट उतरावा लागतो. तारखेला गैरहजर राहिल्यास वॉरंट निघू शकते, आणि ते घरी येते. मग इतके दिवस आईवडिलांपासून लपवलेले सारे पोलिसाच्या तोंडून कळते.

कोर्टात आरोप वाचून दाखवतात आणि गुन्हा कबूल आहे का, असे विचारतात. कबूल म्हटल्यास बहुधा त्याच दिवशी शिक्षा सुनावली जाते. दंड होतो, आणि कैद द्यायची की नाही हे मॅजिस्ट्रेट ठरवतात. नाकबूल म्हटल्यास सरकारपक्षाला पुरावा द्यावा लागतो : यंत्राची चिठ्ठी, डॉक्टरचा दाखला, अधिकाऱ्याची साक्ष. नुसत्या वासावर काम भागत नाही. १९७१ साली महाराष्ट्रातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, तोंडाला वास, चालण्यात झोक, बोलण्यात असंबद्धपणा आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून मद्यप्राशन सिद्ध झाले असे होत नाही. म्हणून आकडा आणि तपासणी यांना इतके महत्त्व आहे. कबूल करावे की नाही हे कोर्टाच्या व्हरांड्यात भेटणाऱ्या एजंटाला न विचारता वकिलाला कागद दाखवून ठरवावे. जे घडलेच आहे ते कबूल करण्यात कमीपणा नाही. पण ते कशाची कबुली आहे हे समजून करावे.

दंडापुढचा खर्च

दहा हजारांची रक्कम ही या खात्यातील पहिली नोंद, शेवटची नव्हे.

दुसरी नोंद लायसन्सची. पोलीस ते जप्त करून परवाना अधिकाऱ्याकडे पाठवतात. तेथे आपले म्हणणे ऐकून घेतल्यावर पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिने ते निलंबित होऊ शकते; दुसऱ्या खेपेस रद्दच. त्या काळात गाडी चालवली तर तो स्वतंत्र गुन्हा होतो : तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

तिसरी नोंद विम्याची, आणि ती वाणिज्यच्या विद्यार्थ्याने तरी विसरू नये. प्यालेला चालक असताना स्वतःच्या गाडीचे झालेले नुकसान विमा कंपनी देत नाही, तसे पॉलिसीच्या अटींतच लिहिलेले असते. डिसेंबर २००७ मध्ये दिल्लीत एक महागडी मोटार अपघातात जळाली. चालकाची श्वासचाचणी झालेली नव्हती, रक्ताचा आकडाही नव्हता. तरीही एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विमा कंपनीने नाकारलेला दावा नाकारलेलाच ठेवला, कारण इतर परिस्थितीवरून चालक मद्याच्या अमलाखाली होता असे मानता येत होते. म्हणजे फौजदारी खटल्यात जो पुरावा तोकडा पडेल, तो विम्याच्या दाव्यात पुरून उरू शकतो. समोरच्या जखमी माणसाची भरपाई कंपनीला पुष्कळदा आधी द्यावी लागते; पण नंतर ती गाडीमालकाकडून वसूल करता येते. आणि आपल्या गाडीचा मालक कोण? बहुतेकांच्या बाबतीत वडील. त्यांनी वीस वर्षे न चुकता भरलेले हप्ते मुलाच्या एका रात्रीने निरुपयोगी होतात.

चौथी नोंद नोकरीची व पासपोर्टची. फौजदारी खटला प्रलंबित असताना पासपोर्ट नाकारला जाऊ शकतो. मग कोर्टाची परवानगी आणावी लागते. सरकारी नोकरीच्या पडताळणी अर्जात अटक, खटला, शिक्षा यांविषयी प्रश्न असतात. येथे एक मोठी चूक सर्रास होते. "साधी ट्रॅफिकची केस" म्हणून 'नाही' लिहिले जाते. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की अशी माहिती खरीच दिली पाहिजे. तरुण वयातील किरकोळ गुन्ह्याकडे नोकरी देणाऱ्याला दुर्लक्ष करता येते. परंतु खोटे लिहिल्याचे उघड झाले तर मिळालेली नोकरीही जाऊ शकते. एक प्रकरण पचते, ते लपवण्याचा प्रयत्न पचत नाही.

अपघात घडला तर

वरील सर्व कोणालाही इजा झालेली नसतानाचे आहे. कुणाचा जीव गेला तर खटल्याचे स्वरूपच बदलते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. परिणामाची जाणीव असूनही कृत्य केले असे ठरल्यास सदोष मनुष्यवधाचे कलम लागते, आणि मग शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाऊ शकते. नोव्हेंबर २००६ मध्ये मुंबईच्या वांद्रे भागात फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर मोटार गेली. सातजण मेले, आठजण जखमी झाले. चालक तरुण होता आणि प्यालेला होता. जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाची तीन वर्षांची शिक्षा कायम केली. तीन वर्षे थोडी की पुष्कळ यावर वाद होऊ शकेल. रस्त्याच्या कामावर आलेली ती सात माणसे कुणाची तरी कमावती माणसे होती, यावर वाद नाही.

आपल्या रस्त्यांवर पहाटे कोण असते ते आठवा. भाजीची टोपली घेऊन बाजाराला निघालेल्या बाया, दुधाच्या किटल्या सायकलला अडकवलेला माणूस, रस्ता झाडणाऱ्या कामगार स्त्रिया. रक्तातील तो शिल्लक आकडा याच वेळी रस्त्यावर उतरत असतो.

विद्यार्थी मित्रांनो, हक्क माहीत असावेत : दोन तासांचा नियम, जामीन, वाचून मगच सही, खरे लिहिलेला अर्ज. ते माहीत असणारा माणूस ठाण्यात घाबरत नाही आणि फसतही नाही. पण यांतला एकही हक्क रक्तातील आकडा उतरवत नाही. म्हणून समारंभाला जाण्यापूर्वीच दोन गोष्टी ठरवाव्यात : न पिणारा कोण चालवणार, आणि तसा कुणी नसेल तर मुक्काम कुठे. उशीर झाला म्हणून घरी बोलणी बसतील, ती खावीत. रिक्षाला दोन-तीनशे रुपये जातील, ते चौघांत वाटून घ्यावेत.